देवरे सरांचं चौथं प्रकरण

१२ मे २००८, सोमवार. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मी भौतिकशास्त्र विभागाच्या खोली नंबर चौदामध्ये निर्लेखनाची यादी करत बसले होते. निर्लेखन म्हणजे ज्या वस्तू मोडल्या, गंजल्या किंवा कोणालाच नको झाल्या त्यांची नावं एका कागदावर लिहायची, शेजारी कारण लिहायचं, तिघांच्या सह्या घ्यायच्या आणि भंगारवाल्याला निरोप पाठवायचा. मी इथे पंधरा वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. असं काम मला आवडतं. कारणाचा रकाना भरला की विषय संपतो.

बेचाळिसाव्या वस्तूपाशी मी अडले. एक लाकडी चौकट. तिच्यात रेडिओचा स्पीकर उलटा टांगलेला. स्पीकरच्या कागदी कोनाला काचेची कांडी चिकटवलेली, आणि कांडीच्या टोकाला नाण्याएवढी धातूची चकती. चकतीच्या खाली वर-खाली सरकणारा छोटा पाट, आणि या सगळ्यावर काचेचं मोठं झाकण, ज्याला आम्ही बेलजार म्हणतो. यंत्राचं नाव लिहिलं: केल्विन प्रोब, स्वनिर्मित. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. मोडलेलं तर नव्हतं. वापरणारा माणूस नाही, असं कारण यादीत चालत नाही.

वापरणारे देवरे सर. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या गावी, नामपूरला, ते वारले. त्यांच्या पत्नीने, सुमनकाकूंनी, फोन करून सांगितलं.

मी नोकरीला लागले तेव्हा सर पन्नाशीच्या अलीकडे होते. उंच, किंचित पुढे झुकलेले, बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात एसटीच्या जुन्या तिकिटांचा गठ्ठा. तिकिटांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहायचे. पहिल्या दिवशी मी खोली चौदाच्या दारात उभी राहिले, तर त्यांनी आधी नाव विचारलं नाही. नाक वर करून वास घेतला.

"डोक्याला तेल कुठलं?"

"खोबरेल, सर."

"जेवणात लसूण होता का?"

"होता."

"मग आज तुम्ही दारातच थांबा. मी आतून बोलतो."

मला वाटलं, माणूस एक तर सोवळ्यातला आहे नाही तर डोक्याने गेलेला आहे. मी मखमलाबादच्या माळ्याच्या घरातली. आमच्या मळ्यात झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. असल्या परीक्षा मला कोणी घेतल्या नव्हत्या. शिपाई निवृत्तीमामा बाहेर बाकावर बसून हसत होते. ते म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. मागच्या सालचे परीक्षक आले व्हते, त्यांना बी अत्तर लावलंय म्हणून भाईर उभं केलं. लय मोठा माणूस, नागपूरचा. उभा राहिला गपचूप."

महिन्याभराने कळलं की सोवळ्याचा काही संबंध नव्हता. त्यांचा सगळा विषयच वस्तूच्या वरच्या पापुद्र्याचा होता, आणि खोबरेलाचा वास म्हणजे हवेतून उडत येऊन कुठेही बसणारं खोबरेल.

विषय मला त्यांनी आगपेटीतल्या काड्यांवर समजावला. मला तो नीट समजला असं मी आजही म्हणणार नाही. पण त्यांनी सांगितलं ते असं. धातूच्या आत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात, पण धातूतून बाहेर पडायचं तर त्यांना एक उंबरठा ओलांडावा लागतो. प्रत्येक धातूचा उंबरठा वेगळा. पुस्तकात त्याचा आकडा दिलेला असतो आणि मुलं तो पाठ करतात. "पण हा आकडा कोणाचा, विमलताई? धातूचा नाही. धातूच्या शेवटच्या थराचा." त्या थरावर दुसऱ्या कुठल्या पदार्थाचे रेणू येऊन बसले, आणि प्रत्येक रेणूचं एक टोक जरासं धन आणि दुसरं जरासं ऋण असलं, की झालं. त्यांनी टेबलावर काड्या उभ्या ओळीत मांडल्या, सगळ्यांचे गुल वरच्या बाजूला. "असे उभे राहिले, तर उंबरठा उतरतो. इलेक्ट्रॉन पटकन बाहेर." मग सगळ्या काड्या उलट्या केल्या. "असे राहिले, तर चढतो. थर एकाच रेणूच्या जाडीचा. डोळ्याला दिसत नाही, तराजूला कळत नाही. आतला धातू तोच. आणि तरी सगळा व्यवहार बदलला."

"आणि काड्या आडव्या पडल्या तर?"

त्यांनी एक काडी आडवी करून पाहिली. मग म्हणाले, "तिथेच तर मी अडलोय."

ते यंत्र म्हणजे उंबरठा मोजायची युक्ती. वरची चकती स्पीकरमुळे थरथरायची, खालच्या पाटावर नमुन्याची पाटी ठेवलेली असायची. दोन्हींचे उंबरठे वेगळे असले की तारेतून बारीकसा प्रवाह यायचा आणि सरांच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू यायची. ते एक बटण हळूहळू फिरवत विजेचा उलटा दाब द्यायचे. ज्या क्षणी गुणगुण थांबेल, तो आकडा खरा. मान डावीकडे कलती करून, डोळे मिटून, ते तो थांबण्याचा क्षण शोधत असायचे. मीही दोन-चारदा ऐकलं. मला ती कधी पूर्ण थांबलेली वाटली नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, "मलाही नाही. पण कमी कुठे होते ते तरी कळतं."

वर्गात ते चांगलं शिकवायचे की वाईट, यावर कॉलेजात दोन तट होते. फळ्यावर एखादं समीकरण मांडता मांडता ते थांबायचे, खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "हे मला समजलेलं नाही." मग खुर्चीत बसायचे. कधी पाच मिनिटं, कधी तास संपेपर्यंत. एका वर्षी मुलांनी तक्रार केली. प्राचार्यांनी बोलावलं, आणि मला हजेरीपत्रक घेऊन सोबत जावं लागलं.

प्राचार्य म्हणाले, "देवरे सर, वर्गात असं म्हणायचं नसतं."

"मग कुठे म्हणायचं?"

"घरी म्हणा ना."

"घरी म्हणतोच. ती वैतागते."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपत्रकात पाहिलं.

वर्गातला एक प्रसंग मात्र मी स्वतः पाहिला, प्रयोगाचं साहित्य द्यायला गेले होते तेव्हा. सरांनी विचारलं होतं, इलेक्ट्रॉनचं बाहेर पडणं आतल्या धातूवर जास्त अवलंबून की कडेवर? मागच्या बाकावरून मंगला नावाची मुलगी उठली. सुरगाण्याची, वसतिगृहात राहणारी, अगदी कमी बोलणारी. म्हणाली, "सर, आमच्याकडची माणसं भात झाला की दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला जातात. घरात खायला किती उरलंय त्यावर जाणं ठरतं, असं सगळे म्हणतात. पण जीप पाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली तर घरात दाणे असलेले पण जातात. आणि जीप खालच्या रस्त्यावरच थांबली, तर उपाशी असलेले पण चार दिवस निघत नाहीत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खिशातून तिकीट काढून त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तू बस. आजचा तास तू घेतलास." पुढे आठवडाभर ते मला, निवृत्तीमामांना, चहावाल्याला जीपचं सांगत होते. मामा म्हणाले, "ते समदं खरं, पण जीपवाला कोण हाय यात?" त्यावर सरांनी आणखी एक तिकीट काढलं.

घरीही ते असेच होते. काकूंना भेटायला मी एकदा गंगापूर रोडच्या त्यांच्या भाड्याच्या घरी गेले होते. काकू म्हणाल्या, "मिठाच्या बरणीत पाणी सुटलं तर बायका बरणी उन्हात ठेवतात. हे बरणी हातात घेऊन तासभर बसतात." आतून सरांचा आवाज आला, "माले काही समजनं नई." काकू म्हणाल्या, "बघा. अहिराणीत बोलले म्हणजे खरंच समजलेलं नाही. मराठीत म्हणाले तर थोडं तरी समजलेलं असतं."

पीएचडीची नोंदणी त्यांनी उशिराच केली होती. मार्गदर्शक पुण्याचे. मुदत संपत आली होती, एकदा वाढवूनही मिळाली होती, आणि आता पुन्हा मिळणार नव्हती. तीन प्रकरणं तयार होती, पण तिन्हींमध्ये मिळून सांगण्यासारखं नवं काही नव्हतं. हे सर स्वतःच सांगायचे. मार्गदर्शकांनी स्पष्ट कळवलं होतं की चौथ्या प्रकरणात काही निघालं तर प्रबंध, नाही तर नुसताच कागद. कॉलेजातही त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान माणसं नावामागे डॉक्टर लावून विभागप्रमुखपदाच्या रांगेत उभी होती. सरांना पदाचं फारसं नव्हतं. पण आयुष्यात एक तरी गोष्ट आपल्याला समजली असं आपण म्हणू शकलो पाहिजे, हे त्यांच्या मनात फार होतं. एकदा ते तसं बोलूनही गेले होते.

ते साल सत्त्याण्णवचं. दसऱ्याच्या आधी सरांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या पाटीवर स्निग्ध आम्लाचा एक रेणूभर जाडीचा थर बसवला, आकडा घेतला, पाटी बेलजारखाली ठेवली आणि मला म्हणाले, "मी पुण्याला जाऊन तसाच नामपूरला जातो. दसरा झाला की येतो. खोली उघडायची नाही." किल्ली माझ्याकडे दिली.

खंडेनवमीला आमच्या विभागात यंत्रांची पूजा असते. सूक्ष्मदर्शक, वर्णपटमापक, वर्कशॉपमधलं लेथ, सगळं पुसून ओळीने मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. फुलं आमच्या मळ्यातली, म्हणून पूजा माझ्याच हातची असा पायंडा पडला होता. सगळं उरकलं. ताटात फुलं उरली होती. निवृत्तीमामा म्हणाले, "बाई, चौदा नंबर ऱ्हायलं."

"ते उघडायचं नाही. सरांनी सांगितलंय."

"वरसाचा सण. समद्यांची झाली आन् एकटं तेच बिनपूजेचं ठिवायचं? त्याच्यावरच तर बिचाऱ्याचं समदं अडलंय."

मी पूजाअर्चेत फार गुंतणारी बाई नाही. पण मामांचं शेवटचं वाक्य मला लागलं. मामांना बाहेर ठेवून मी कुलूप काढलं, आत गेले, बेलजार उचलून बाजूला ठेवला. हळद नेमकी कशाला लावायची ते कळेना. लाकडी चौकट म्हणजे यंत्र नव्हे. स्पीकर कागदाचा. शेवटी मधोमध जे चमकत होतं, त्या सोन्याच्या पाटीच्या कोपऱ्याला मी अनामिकेने टिंब लावलं. लावल्याबरोबर तेल लावून आलेल्याला दारात उभा करणारा माणूस डोळ्यासमोर आला. शेल्फावरचा कापूस घेतला आणि टिंब पुसून टाकलं. डाग राहिला नाही. पाटी आधीसारखीच चमकत होती. बेलजार झाकला, कुलूप लावलं. मामांनी विचारलं, "झाली का?" म्हटलं, "झाली."

दसऱ्यानंतर सर परत आले. पाटीजवळ जाण्याआधी त्यांनी विचारलं, "खोली उघडली होती?"

मी म्हटलं, "नाही, सर."

का म्हटलं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, सर तसे नव्हते. मला वाटलं, पुसलंय, दिसत नाहीये, आता उगाच कशाला. स्वयंपाकघरात आपण रोज असं दहादा करतो.

दुपारी सरांनी हेडफोन काढला तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा होता. आकडा उतरला होता. थोडाथोडका नाही, चूक म्हणून सोडून देता येणार नाही इतका. दुसऱ्या दिवशी तोच. आठवड्यानेही तोच. मग त्यांनी काड्या काढल्या. त्यांच्या मते थरातले रेणू बसवले तेव्हा अर्धवट कलंडलेले होते, आणि शांत, बंद खोलीत इतके दिवस पडून राहिल्यावर हळूहळू सरळ होऊन सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. कोणी काही न करता. आपोआप. झोपेत माणूस कूस बदलतो तसं, असं ते म्हणाले. आपोआप इतका मोठा फरक पडल्याचं त्यांच्या वाचनात कुठे आलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात ते गोंधळलेले नव्हते. मी त्यांना इतक्या वर्षांत तेवढेच काही महिने तसं पाहिलं. वर्गात समीकरण पूर्ण व्हायचं. शर्टाला इस्त्री आली. मुलं म्हणायला लागली, देवरे सर बरे झाले. मला मात्र त्यांच्यासमोर जाताना उगाच हात धुवावासा वाटायचा. मी मनाशी म्हणायचे, एका टिंबाने काय होतं. आणि लगेच आठवायचं की एका टिंबाने काय होतं, हेच तर हा माणूस मला इतकी वर्षं सांगतो आहे.

फेब्रुवारीत चौथं प्रकरण टाइप होऊन आलं. सरांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, आणि इंग्रजीतला एक परिच्छेद मराठीत सांगून दाखवला. "या काळात खोली बंद होती आणि नमुन्याला कोणाचाही स्पर्श झाला नाही, याची खात्री प्रयोगशाळा सहायक श्रीमती विमल यांनी दिली आहे." मग म्हणाले, "तुमचं पूर्ण आडनाव घालू ना?"

सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं. ते वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. मी म्हटलं, "सर, आडनाव घालू नका. मी खोली उघडली होती."

आणि सगळं सांगितलं. मामांचं नाव घेतलं नाही.

ते रागावतील अशी तयारी मी ठेवली होती. त्यांनी तिकीट काढलं. "बोट कोणतं?"

"अनामिका."

"हात ओला होता?"

"थोडासा. फुलांना पाणी मारलं होतं."

"हळद विकतची की घरची?"

"घरची, सर."

"कापूस कुठला?"

ते विचारत राहिले आणि लिहीत राहिले. सगळं झाल्यावर म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच. आवाज चढला नाही. मग कानाला हेडफोन लावला आणि यंत्र बंद होतं तरी तो लावून बसून राहिले.

मला वाटलं होतं, आता निदान गोष्ट सरळ झाली. हळदीने आकडा उतरला, सरांचा समज चुकला, प्रकरण मागे घ्यायचं, माझी चूक. वाईट, पण सरळ. तसं झालं नाही. सरांनी मला बोलावून नव्या पाटीवर तसंच टिंब लावायला लावलं. अनामिका, घरची हळद, ओला हात, तोच कापूस. आकडा उतरला नाही. चढला. पुन्हा केलं, पुन्हा चढला. मग त्यांनी पाट्या नुसत्याच बंद ठेवल्या, कोणी हात न लावता. एक उतरली, एक उतरली नाही, एक अर्धीच उतरून थांबली. दरम्यान हवा बदलली, उन्हाळा सुरू झाला, कोरडेपणा वाढला. ती पहिली पाटी पुन्हा तपासावी, तर माझ्या पुसण्याने तिच्यावर नेमकं काय उरलं होतं आणि काय निघून गेलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

म्हणजे असंही असू शकेल की रेणू खरोखरच आपोआप उभे राहिले होते, माझ्या हळदीशी त्याचा संबंध नव्हता, आणि सरांचं प्रकरण शब्द न् शब्द बरोबर होतं. किंवा नसेल. मी सरांना तसं म्हटलंही. "सर, हळदीने तर चढतंय. मग तुमचंच बरोबर. तसंच पाठवा ना."

"एका नमुन्यावर? आणि त्यालाही हात लागलेला?"

"पण हाताने तसं होत नाही, हे दिसलं की."

"या हाताने, या महिन्यात होत नाही. त्या दिवशी काय झालं ते आपल्याला कुठे ठाऊक आहे?"

मला तेव्हा त्यांचा फार राग आला. मी खरं सांगितलं होतं ते त्यांचं भलं व्हावं म्हणून नव्हे, हे कबूल. पण त्या खऱ्याचा असा भुगा होईल अशी माझी अपेक्षा नव्हती. मुदत जूनमध्ये संपली. प्रकरण त्यांनी मागे घेतलं. दाराबाहेरच्या पाटीवर शेवटपर्यंत "प्रा. देवरे" एवढंच राहिलं.

त्यानंतरही खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडेच ठेवली. सणावाराला गावी जाताना तेच वाक्य, तसंच: खोली उघडायची नाही. परत आल्यावर मात्र उघडली होती का, हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. हा विश्वास होता, की विचारण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्गात ते पुन्हा खडू ठेवून बसायला लागले. प्राचार्य बदलले होते. नव्यांनी बोलावणं सोडून दिलं होतं.

निवृत्त झाल्यावर सर आणि काकू नामपूरला राहायला निघाले. सामान टेम्पोने आधी गेलं होतं. मी स्टँडवर सोडायला गेले, काकूंसाठी शेवंतीची वेणी घेऊन. सटाण्याकडची गाडी लागली. काकू आत जाऊन जागा धरून बसल्या. सर पायरीवर एक पाय ठेवून थांबले आणि पुन्हा खाली उतरले. मागचा माणूस म्हणाला, "बाबा, चढायचं की नाय?" त्याला वाट देऊन सर माझ्याजवळ आले.

"विमलताई, त्या दिवशी पाऊस होता का?"

"कोणत्या दिवशी, सर?"

"नवमीला. तुम्ही कुलूप काढलं तेव्हा. झाकण बाजूला किती वेळ होतं आणि बाहेर पाऊस होता का."

मी खरोखर आठवून पाहिलं. "झाकण पाच मिनिटं असेल. पावसाचं नाही आठवत."

"हं," ते म्हणाले. "पाण्याची वाफ मी धरलीच नव्हती." आणि चढले. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी होते. काकू वेणी केसांत माळत होत्या, आणि सर नुकतंच काढलेलं तिकीट मांडीवर उलटं ठेवून त्यावर काही लिहीत होते. मी हात केला. त्यांनी वर पाहिलं नाही. रागाने नव्हे, एवढं मला कळलं.

घरी आल्यावर मी भावाला विचारलं, त्या साली नवमीला पाऊस होता का. तो म्हणाला, "झेंडू विकला गेला एवढं आठवतं. भिजलेला होता की कोरडा, ते कोण सांगणार."

हे सगळं त्या सोमवारी बेचाळिसाव्या वस्तूसमोर बसून आठवत होते. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करताना सरांची निरीक्षणवही निघाली. आत टाचणीने लावलेली एक कार्बन प्रत होती, मार्गदर्शकांना पाठवलेल्या पत्राची. इंग्रजी साधं होतं, मला वाचता आलं. चौथं प्रकरण मागे घेतो आहे. कारण, थर पक्का होत असताना माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे माझाच हात नमुन्याला लागला. ही गोष्ट मी आधी कळवली नाही, याबद्दल दिलगीर आहे.

मी ते दोनदा वाचलं. दहा वर्षं मला वाटत होतं की पुण्याच्या कोणा मोठ्या माणसाच्या फायलीत माझं नाव लागलेलं आहे. ते नव्हतंच. आणि बरं वाटायच्या ऐवजी मला चीड आली. हा माणूस एका नमुन्यावर स्वतःचा खरा निष्कर्षसुद्धा पाठवायला तयार झाला नाही, आणि इथे त्याने सरळ खोटं लिहून सही केली होती. ते मला वाचवायला, की आपली खोली आपण दुसऱ्यावर सोपवली ही त्यांना खरंच स्वतःची चूक वाटत होती, की एका बाईने सण म्हणून हळद लावली हे पुण्याच्या माणसाला इंग्रजीत सांगायचं त्यांना जमलं नाही, काही कळेना. विचारायला आता कोणी नव्हतं. वहीत त्या नवमीच्या तारखेसमोर त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती: खोली बंद. पुढे पान कोरं. यादी तिथेच सोडून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आले, खोली उघडली, खिडकी लावून घेतली आणि त्या ओळीखाली लिहिलं: "खोली बंद नव्हती. नवमीला दुपारी मी कुलूप काढून बेलजार उचलला, अंदाजे पाच मिनिटं. पाटीच्या कोपऱ्यास उजव्या हाताच्या अनामिकेने घरची हळद लावली, हात ओलसर, नंतर कापसाने पुसली. पाऊस होता किंवा नाही, आठवत नाही. देवरे सर त्या दिवशी नाशिकमध्ये नव्हते. पत्रात त्यांनी स्वतःचा हात लागल्याचं लिहिलं आहे ते खरं नाही." खाली पूर्ण नाव, सही आणि त्या सकाळची तारीख.

मग वही घेऊन विभागप्रमुख मॅडमकडे गेले. त्या आमच्याच कॉलेजच्या, सरांच्या हाताखाली शिकलेल्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"विमलताई, आता याचा उपयोग काय?"

"माहीत नाही, मॅडम. तुम्ही वाचलं, एवढं खाली लिहा."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.